ग्राफिक्सच्या प्रॅक्टिकलसाठी विनबीजीआयएम: बसवायचं कसं, अडतं कुठे, सोडायचं कधी

कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या लॅबमध्ये पहिला प्रोग्राम आजही बऱ्याच ठिकाणी ग्राफिक्स डॉट एच ही हेडर फाइल वापरूनच लिहिला जातो. एमएसबीटीईच्या (राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या) आय-स्कीम अभ्यासक्रमात हा विषय डिप्लोमाच्या तिसऱ्या सेमिस्टरला यायचा आणि डीडीए आणि ब्रेसेनहॅम (रेघ काढण्याच्या दोन पद्धती), मिडपॉइंट सर्कल, बाउंडरी फिल (आकारात रंग भरणं) ही प्रॅक्टिकलं ओळीने करायची असायची. प्रोग्राम वीस-पंचवीस ओळींचा. तो समजायला अर्धा तास पुरतो, पण विंडोज ११ च्या लॅपटॉपवर त्याचं आउटपुट दिसेपर्यंत अख्खी दुपार जाते. कारण ही हेडर फाइल मूळची बोरलँडची, १९८० च्या दशकातल्या डॉसच्या काळातली. आजच्या कोणत्याही चालू कंपायलरबरोबर ती येत नाही.

ही उणीव भरून काढणाऱ्या साधनांत सगळ्यात कामाचं साधन म्हणजे विनबीजीआयएम. कोलोरॅडो विद्यापीठाचे मायकेल मेन यांनी कॉन्स्टँटिन क्निझ्निक यांच्या विनबीजीआयवरून विद्यार्थ्यांसाठी ही लायब्ररी तयार केली. फुकट मिळते. फंक्शनं बोरलँडचीच, नावंही तीच, फक्त चित्र डॉसच्या स्क्रीनऐवजी विंडोजच्या साध्या विंडोत उमटतं. पिक्सेल मांडून अल्गोरिदम शिकायचा असेल तोवर यापेक्षा सोपं काही नाही. मात्र एक अट आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष केलं की पुढचं सगळं फसतं: कंपायलर ३२-बिटच हवा.

आधी टर्बो सी++ बद्दल, कारण पुष्कळ लॅबमध्ये अजून तेच आहे. टर्बो सी++ ३.० हा १६-बिट प्रोग्राम आहे. ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्राम चालवतच नाही, म्हणून तो डॉसबॉक्सच्या (जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या) आत चालवावा लागतो. नेटवर मिळणाऱ्या तयार पॅकेजमध्ये हा डॉसबॉक्स आधीच घातलेला असतो. यात दोन एरर ठरलेल्या. पहिली लिंकरची (प्रोग्रामला लायब्ररी जोडणाऱ्या भागाची): इनिटग्राफ, म्हणजे ग्राफिक्स सुरू करणारं फंक्शन, सापडत नाही. ऑप्शन्स, लिंकर, लायब्ररीज या मेनूत ग्राफिक्स लायब्ररीवर खूण केली की ती जाते. दुसरी प्रोग्राम चालू झाल्यावर येते: ग्राफिक्स इनिशियलाइझ झालं नाही. इथे इनिटग्राफला दिलेला बीजीआय (बोरलँडच्या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या) फोल्डरचा पत्ता चुकलेला असतो, आणि बहुतेक वेळा चूक एकेरी बॅकस्लॅशची असते. लहान लिपीत पत्ता लिहिला तर ‘टर्बोसी३’ च्या टी-आधीचा बॅकस्लॅश टॅब होतो आणि ‘बीजीआय’ च्या बी-आधीचा बॅकस्पेस. म्हणून प्रत्येक ठिकाणी बॅकस्लॅश दोनदा लिहायचा. ॲनिमेशन फार रेंगाळत असेल तर कंट्रोल आणि एफ१२ दाबून डॉसबॉक्सचा वेग वाढवता येतो, फुल स्क्रीनमधून बाहेर यायला ऑल्ट-एंटर, अडकलेला माउस सोडवायला कंट्रोल-एफ१०, आणि जर्नलसाठी स्क्रीनशॉट हवा असेल तर कंट्रोल-एफ५.

हे सगळं जमलं तरी टर्बो सी++ ची खरी खोट आत आहे. तिथे इंट दोनच बाइटचा, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६७. मिडपॉइंट एलिप्समध्ये त्रिज्या २०० घेतली की २०० गुणिले २०० चे ४०,००० होण्याऐवजी उणे २५,५३६ होतात आणि एलिप्सच्या जागी भलतीच वाकडी रेघ येते. विद्यार्थी अल्गोरिदम तपासत बसतो. अल्गोरिदम बरोबरच असतो. ज्याचा दोष नाही त्याला दोषी धरायला शिकवणारं साधन नव्याने शिकणाऱ्या मुलांच्या हाती देऊ नये. परीक्षेच्या मशीनवर तेच असेल तर इलाज नाही, तिथे लाँग वापरा. घरच्या मशीनवर मात्र ते बसवण्यात वेळ घालवू नका.

आता विनबीजीआयएम बसवायचं कसं. मिळतात त्या फाइली तीन: ग्राफिक्स डॉट एच, विनबीजीआयएम डॉट एच आणि लिबबीजीआय डॉट ए. तिसरी फाइल ही आधीच कंपाइल केलेली ३२-बिट लायब्ररी आहे, आणि वर सांगितलेली अट तिच्यामुळेच आली. ६४-बिट कंपायलरच्या लिंकरला ही फाइल दिली की तो ‘स्किपिंग इनकम्पॅटिबल’ म्हणून ती बाजूला टाकतो आणि पुढच्याच ओळीत ‘कॅनॉट फाइंड’ म्हणून थांबतो. बरेच जण फक्त शेवटची ओळ वाचतात, फाइल नीट कॉपी झाली नाही असं समजतात आणि ती सापडेल त्या फोल्डरमध्ये टाकत सुटतात. फाइल जागेवरच असते, लिंकरला ती चालत नाही एवढंच. एरर नेहमी वरून खाली वाचावी, खालून वर नाही.

प्रोग्राम लिहून कंपाइल करायला कोड ब्लॉक्स घ्यायचं की डेव्ह-सी++ हा प्रश्न हमखास येतो. कोड ब्लॉक्स २०.०३ चा नेहमीचा मिनजीडब्ल्यूवाला (विंडोजसाठीचा जीसीसी कंपायलर सोबत असलेला) इन्स्टॉलर ६४-बिट कंपायलर घेऊन येतो, आणि पहिल्यांदा बसवणारे इथेच फसतात. त्याच आवृत्तीचा नावात ‘३२बिट’ लिहिलेला वेगळा इन्स्टॉलर आहे, तो घ्यावा. त्याआधीच्या १७.१२ मध्ये कंपायलर ३२-बिटच होता, म्हणून जुन्या व्हिडिओंत दाखवलेल्या पायऱ्या तिथे बिनबोभाट चालतात आणि नव्यात चालत नाहीत. दोन्हींत निवड करायची तर या कामापुरतं डेव्ह-सी++ ५.११ बरं. त्याच्यासोबत येणारा टीडीएम-जीसीसी ४.९.२ दोन्ही प्रकारचे प्रोग्राम बनवू शकतो, आणि वर उजवीकडच्या यादीतून ‘३२-बिट रिलीज’ निवडलं की काम झालं. शिवाय त्याची पोर्टेबल आवृत्तीही आहे. लॅबच्या मशीनवर ॲडमिनचा पासवर्ड नसतो, प्रोग्राम फाइल्समध्ये काही कॉपी करता येत नाही, तिथे पेनड्राइव्हवरची पोर्टेबल आवृत्ती फार उपयोगी पडते. सगळं एकदा घरी नीट बसवायचं आणि तेच लॅबमध्ये लावायचं.

डेव्ह-सी++ मधला क्रम महत्त्वाचा आहे. आधी वरच्या यादीतून ३२-बिट संच निवडा. मग दोन्ही हेडर फाइली मिनजीडब्ल्यू६४ फोल्डरमधल्या, ‘एक्स८६_६४’ ने सुरू होणाऱ्या उपफोल्डरच्या इन्क्लूडमध्ये ठेवा आणि लिबबीजीआय त्याच उपफोल्डरच्या लिब३२ मध्ये. लिबमध्ये नाही, लिब३२ मध्ये. त्यानंतर टूल्स, कंपायलर ऑप्शन्स इथे जाऊन लिंकरला द्यायच्या कमांडच्या चौकटीवर खूण करा आणि सहा लायब्ररींची नावं लिहा. प्रत्येक नावाच्या आधी डॅश आणि लहान लिपीतला एल, मध्ये एकेक मोकळी जागा: बीजीआय, जीडीआय३२, कॉमडीएलजी३२, यूयूआयडी, ओलेऑट३२, ओले३२. डेव्ह-सी++ मध्ये प्रत्येक कंपायलर संचाची सेटिंग वेगळी साठवली जाते. त्यामुळे ६४-बिट संच निवडलेला असताना ही नावं लिहिली आणि नंतर ३२-बिटवर गेलात, तर चौकट पुन्हा रिकामी दिसते.

ही सहा नावं मंत्रासारखी पाठ करायची गरज नाही, प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे. बीजीआय ही लायब्ररी स्वतः. जीडीआय३२ हा विंडोजचा रेघा आणि पिक्सेल काढणारा भाग. कॉमडीएलजी३२ मधून ‘सेव्ह’ आणि ‘प्रिंट’ चे ओळखीचे डायलॉग येतात. उरलेल्या तीन जेपीजी, जीआयएफसारखी चित्रं उघडण्यासाठी. क्रमही सांभाळा. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून बीजीआय पहिली आणि ज्यांवर ती अवलंबून आहे त्या तिच्या नंतर. कमांड लाइनवरून कंपाइल करत असाल तर तुमची सोर्स फाइल या सगळ्यांच्या आधी यायला हवी, नाहीतर सगळं असूनही इनिटग्राफ ‘अनडिफाइन्ड’ राहतं.

कोड ब्लॉक्सवाल्यांसाठी एक फरक. प्रोजेक्ट न बनवता नुसती एक फाइल उघडली असेल तर सेटिंग्ज, कंपायलर, लिंकर सेटिंग्ज इथली यादी लागू होते. प्रोजेक्ट असेल तर प्रोजेक्टच्या बिल्ड ऑप्शन्समध्येही यादी देता येते, आणि ती त्या प्रोजेक्टपुरतीच राहते. एका प्रोजेक्टमध्ये चाललं आणि दुसऱ्यात चाललं नाही, तर नावं कुठे लिहिली होती ते आधी पाहा.

पहिल्याच कंपाइलला ग्राफिक्स डॉट एचच्या ३०२ व्या ओळीवर एरर आली तर घाबरू नका. फिरत असलेल्या बऱ्याच प्रतींत ही टायपिंगची चूक तशीच आहे. प्रिंटइमेज या फंक्शनच्या पॅरामीटरमध्ये ‘राइट’ हे नाव दोनदा आलंय. पहिल्या ‘राइट’ च्या जागी ‘टॉप’ करा, फाइल सेव्ह करा, संपलं. दुसरी हमखास एरर ‘एसस्ट्रीम’ नावाची फाइल सापडत नाही ही. याचं कारण असं की विनबीजीआयएम आतून सी++ वापरतं. तुमच्या फाइलचं एक्स्टेन्शन ‘डॉट सी’ असेल तर कंपायलर ती सी समजून वाचतो आणि अडतो. ‘डॉट सीपीपी’ करा, आतला कोड सीसारखाच राहिला तरी चालतो.

टर्बोसाठी लिहिलेला जुना प्रोग्राम इथे आणताना काही गोष्टी बदलाव्याच लागतात. व्हॉइड मेन चालत नाही, इंट मेन लिहा. आयओस्ट्रीमला डॉट एच नको. क्लिअरस्क्रीन आणि गोटूएक्सवाय ही बोरलँडच्या कॉनिओची फंक्शनं इथल्या कॉनिओत नाहीत, काढून टाका. इनिटग्राफला पत्ता लागतच नाही, रिकामे अवतरण द्या. प्रिंटएफचं आउटपुट टर्बोत चित्राच्या स्क्रीनवरच यायचं, इथे ते मागच्या काळ्या कन्सोल विंडोत जातं. चित्रावर अक्षरं हवी असतील तर आउटटेक्स्टएक्सवाय वापरा. इनपुट घेणारे स्कॅनएफ इनिटग्राफच्या आधी आणा, नाहीतर कोरी ग्राफिक्स विंडो पुढे येऊन बसते आणि प्रोग्राम मागे इनपुटची वाट पाहत राहतो. बॅकग्राउंडचा रंगही वेगळा वागतो. टर्बोत सेटबीकेकलर म्हटलं की लगेच बदलायचा, इथे त्यानंतर क्लिअरडिव्हाइस म्हणावं लागतं. जर्नलमध्ये प्रिंट द्यायची असेल तर सुरुवातीलाच पांढरा बॅकग्राउंड करून क्लिअरडिव्हाइस म्हणा, शाई वाचते आणि रेघ स्पष्ट येते. विंडोतलं चित्र थेट बीएमपी फाइलमध्ये साठवायला राइटइमेजफाइल हे फंक्शन आहे, ते टर्बोत नव्हतं.

विनबीजीआयएमची खरी जमेची बाजू अशा वाढीव फंक्शनांतच आहे. इनिटविंडोने हव्या त्या मापाची विंडो उघडता येते, ६४० बाय ४८० चं बंधन राहत नाही. कलर हे मॅक्रो लाल, हिरवा, निळा यांची ० ते २५५ मूल्यं घेतं, म्हणजे सोळा रंगांची मर्यादाही गेली. माउस क्लिक वाचता येतो, त्यामुळे पॉलिगॉनचे बिंदू टाइप करण्याऐवजी क्लिक करून देता येतात. क्लिपिंगच्या प्रॅक्टिकलला यामुळे फार फरक पडतो. कोहेन-सदरलँडमध्ये रेघेचं टोक खिडकीच्या कोणत्या बाजूला पडलं की कोड काय येतो, हे आकडे टाइप करून पाहण्यापेक्षा क्लिक करत पाहिलं की डोक्यात बसतं.

आता उणी बाजू. लॅपटॉपचं डिस्प्ले स्केलिंग १२५ टक्के असेल तर विंडोज या विंडोचं चित्र ताणून मोठं करतं आणि ते धूसर होतं. डीडीए आणि ब्रेसेनहॅममधला फरक पायऱ्या बघूनच कळतो, आणि त्याच पायऱ्या इथे पुसट होतात. तयार झालेल्या ईएक्सई फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये, कम्पॅटिबिलिटीखाली हाय डीपीआय सेटिंग आहे. तिथे ओव्हरराइडवर खूण करून ‘ॲप्लिकेशन’ निवडा. विंडो लहान दिसेल, पण पिक्सेल जसाच्या तसा दिसेल.

दुसरं, प्रत्येक पुटपिक्सेलनंतर विंडो ताजी केली जाते, म्हणून लाखभर पिक्सेल एकेक करून मांडायला वेळ लागतो. इनिटविंडोच्या डबल बफरच्या पॅरामीटरला ‘ट्रू’ द्या, सगळं मांडून झाल्यावर एकदाच स्वॅपबफर्स म्हणा. ॲनिमेशनची लुकलुकही याने थांबते. फिल अल्गोरिदम शिकवताना मात्र हा हळूपणा उपयोगी पडतो, रंग कोणत्या दिशेने पसरतो ते दिसतं. तिथे डबल बफर मुद्दाम बंद ठेवावा.

बाउंडरी फिलचं रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणं) ही तर वेगळीच गोष्ट. लहान चौकोन भरतो, मोठा भरताना विंडो अचानक गायब होते आणि कन्सोलवर उणे १०७३७४१५७१ असा आकडा उरतो. हा स्टॅक ओव्हरफ्लोचा विंडोजचा कोड आहे. मिनजीडब्ल्यूच्या प्रोग्रामला साधारण २ एमबी स्टॅक मिळतो. ६४० बाय ४८० च्या विंडोत ३,०७,२०० पिक्सेल आहेत. एकेका कॉलला ४८ बाइट धरले आणि रिकर्शन तेवढं खोल गेलं, तर १४ एमबीपेक्षा जास्त जागा लागेल. टर्बोत तर मुळात ४ केबीच स्टॅक, तिथे चौकोन आणखी लहान असतानाच गडबड होते. लिंकरच्या ऑप्शनमधून स्टॅक १६ एमबी करता येतो, पण व्हायवात एक्स्टर्नलने विचारलं तर खरं उत्तर वेगळं आहे: पिक्सेलचे पत्ते स्वतःच्या ॲरेमध्ये स्टॅकसारखे साठवायचे, किंवा एकेक आडवी ओळ भरत जायचं. ते लिहिलं की कोणत्याही मापाचा आकार भरतो. ३२-बिट इंटही सगळीकडे पुरत नाही. एलिप्समध्ये ए वर्ग गुणिले बी वर्ग येतो. दोन्ही त्रिज्या २१५ असतील तोवर तो मावतो, २१६ ला फुटतो. तिथे लाँग लाँग किंवा डबल घ्या.

‘परमिशन डिनाइड’ म्हणून लिंकर अडला तर बहुतेक वेळा मागच्या वेळची विंडो अजून उघडी असते. ती बंद करा. आणि प्रोजेक्टचा फोल्डर डी ड्राइव्हवर, मोकळी जागा नसलेल्या साध्या इंग्रजी नावाचा ठेवा. युजरचं नाव देवनागरीत असलेल्या मशीनवर डेस्कटॉपवरचे प्रोजेक्ट जुन्या मिनजीडब्ल्यूला उघडता येत नाहीत, कारण त्या पत्त्यात ते नाव येतं.

उबुंटूवर विनबीजीआयएम नाही. तिथे बरेच लेख लिबग्राफ बसवायला सांगतात, पण ती जुन्या एसडीएल १.२ वर आणि गाइल २.० वर उभी आहे, नव्या उबुंटूवर ती जमवणं म्हणजे निव्वळ त्रास. त्याऐवजी ग्विडो गोन्झाटो यांची एसडीएल_बीजीआय घ्या. ती एसडीएल२ वर चालते, साध्या सीमध्येही वापरता येते. चित्र दिसत नसेल तर काढून झाल्यावर रिफ्रेश म्हणायचं राहिलंय का ते पाहा.

विनबीजीआयएम कधी सोडायचं? प्रॅक्टिकलं थ्रीडी ट्रान्सफॉर्मेशन आणि प्रोजेक्शनपर्यंत आली की. पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये तर ही लॅब सी++ आणि ओपनजीएल किंवा क्यूटी या ग्राफिक्स साधनांवर होती, तिथे ग्राफिक्स डॉट एचकडे वळायचं कारणच नव्हतं. ओपनजीएलसाठी फ्रीग्लट ही विंडो उघडून देणारी लायब्ररी पुरते. उबुंटूवर बिल्ड-एसेन्शियल आणि फ्रीग्लट३-डेव्ह ही दोन पॅकेजं टाकली आणि लिंकरला ग्लट, जीएलयू, जीएल ही नावं दिली की पाच मिनिटांत विंडो उघडते. या बाबतीत लिनक्स विंडोजपेक्षा कितीतरी सुटसुटीत आहे. विंडोजवर रिमोट डेस्कटॉप किंवा व्हर्च्युअल मशीनमधून चालवताना ग्राफिक्स कार्डाच्या जागी ‘जीडीआय जेनेरिक’ हे नाव दिसलं, तर कार्डाचा ड्रायव्हर मिळालेला नाही आणि हातात फक्त ओपनजीएल १.१ आहे असं समजा. त्यावर शेडर (कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम) चालणार नाहीत.

ओपनजीएलकडे गेल्यावर वाय अक्ष उलटतो. विनबीजीआयएममध्ये शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात, ओपनजीएलमध्ये खालच्या. ग्लट_डबलने डबल बफर मागून शेवटी ग्लटस्वॅपबफर्स विसरलं तर विंडो कोरी राहते. पूर्णांक बिंदू दोन पिक्सेलच्या बरोबर सीमेवर पडतात, म्हणून काही रेघा एका पिक्सेलने सरकल्यासारख्या दिसतात. दोन्ही अक्षांत ०.३७५ ने सरकवलं की त्या जागेवर येतात. फ्लड फिलसाठी प्रत्येक पिक्सेल ग्लरीडपिक्सेल्सने परत वाचू नका, दर वेळी कार्डाचं काम पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं. रंगांचा स्वतःचा ॲरे ठेवा, त्यात भरा आणि शेवटी एकदाच काढा. क्यूटीतही हीच चूक वेगळ्या रूपात होते: प्रत्येक सेटपिक्सेलनंतर लेबलला नवा पिक्समॅप दिला जातो. लूप संपल्यावर एकदाच द्या, मिनिटभर चाललेली रेघ क्षणात उमटते.